निळा दिवा आधी मंद का?

प्रश्न : दाढेत दाताच्या रंगाचे सिमेंट भरताना डॉक्टरांनी निळा दिवा आधी मंद व मग प्रखर लावला. असे का?

उत्तर : हे सिमेंट म्हणजे रेझिन (प्लास्टिकसारखा, आधी मऊ असणारा पदार्थ) असून, प्रकाशाने कडक होताना ते साधारण २ ते ३ टक्के आकसते, खड्ड्याच्या भिंतींना ते चिकटलेले असल्यामुळे त्याचा ताण थेट दातावर येतो, कडेला केसाएवढी फट पडू शकते आणि गार पाण्याच्या घोटासरशी कळ येते. प्रकाश सुरुवातीला मंद ठेवल्यास रेझिन थोडा अधिक वेळ मऊ राहून मोकळ्या पृष्ठभागाकडून सरकते व ताण काही अंशी सैलावतो. मात्र एकूण प्रकाश पुरेसा मिळालाच पाहिजे, कारण तळाशी कच्चे राहिलेले सिमेंट हा माझ्या मते ताणापेक्षाही मोठा धोका आहे. सुमारे २ मिलिमीटरचे थर देतात ते यासाठीच.