ग्रॅममागे म्हणजे कशाच्या ग्रॅममागे?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणाऱ्या प्रेसमडला आधी १६० अंशांची वाफ, मग डायजेस्टर, म्हणजे हवाबंद टाकीत कुजवणं, आणि शेवटी ‘मिथेन १५ टक्क्यांनी वाढेल’ असं अपेक्षित उत्तर. विषय चांगला निवडला आहेस. २०१८ साली केंद्र सरकारची ‘सतत’ योजना आल्यापासून कारखाने सीबीजीकडे, म्हणजे दाबून भरलेल्या शुद्ध बायोगॅसकडे, गांभीर्यानं बघू लागले आहेत. पाचट शेतभर पसरलेलं असतं, ते गोळा करण्यातच डिझेल जातं. प्रेसमड मात्र फिल्टरखाली आयता ढिगानं पडतो. पण आराखड्यात जिथं जिथं ‘मिलिलिटर प्रति ग्रॅम’ आलं आहे, तिथं समासात एकच प्रश्न लिहिला आहे: कशाच्या ग्रॅममागे? ओल्या मालाच्या, वाळवलेल्या मालाच्या, त्यातल्या जळून जाणाऱ्या भागाच्या, की कारखान्यातून निघाला त्या दिवशीच्या मालाच्या? या चारांची उत्तरं वेगवेगळी येतात, आणि तुझा १५ टक्क्यांचा फायदा त्यांच्या फरकात सहज बुडून जातो.

आधी नावाचं. आपल्याकडे प्रेसमडलाही मळी म्हणतात आणि मोलॅसिसलाही. वहीत ‘मळी’ हा शब्द लिहूच नकोस. शेजारी कारखान्याची पद्धत लिही. महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने रस स्वच्छ करायला चुना आणि सल्फर डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे त्यांच्या प्रेसमडमध्ये गंधक येतो. रसात चुना आणि कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या, म्हणजे कार्बोनेशनच्या, कारखान्याचा प्रेसमड म्हणजे निम्मीशिम्मी खडूच. दोन्हींना एक नाव दिलंस तर पुढचं सगळं मोजमाप गोंधळाचं होईल.

नमुना ढिगाच्या कडेचा घेऊ नकोस. वरचा थर वाळलेला असतो, आतला गरम आणि आंबत असलेला. फिल्टरवरून पडतानाच, एका पाळीत थोड्या थोड्या वेळानं दहा वेळा घे, ताडपत्रीवर एकत्र कर, ढीग करून चार भाग पाड, समोरासमोरचे दोन ठेव, पुन्हा मिसळ. पाच किलो उरेपर्यंत हे चालू ठेव. मालात थोडी साखर उरलेली असते, ती काही तासांतच आंबायला लागते. म्हणून बर्फाच्या पेटीत आण आणि त्याच दिवशी एकेका प्रयोगापुरत्या पिशव्या करून उणे २० अंशांवर ठेव. एकच मोठी पिशवी गोठवलीस तर दर वेळी सगळा माल वितळवावा लागेल.

आता मुशी. १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळव, उरला तो टीएस, म्हणजे एकूण घन पदार्थ. मग ५५० अंशांवर दोन तास, जळून गेलं ते व्हीएस, म्हणजे त्यातला सेंद्रिय भाग. किमान तीन मुशी, प्रत्येकीत १०-१५ ग्रॅम ओला माल. मफल भट्टीचा काटा सांगतो त्यावर विसंबू नकोस, वेगळ्या थर्मोकपलनं आत खरे किती अंश आहेत ते पाहा. भट्टी ७०० च्या पुढे गेली तर चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि तो व्हीएसच्या खात्यात जमा होतो. खनिज उडालं आणि नाव सेंद्रिय पदार्थाचं लागलं, की मिथेनचा आकडा उगाच कमी दिसतो.

बाटल्यांकडे येऊ, म्हणजे छोट्या बाटल्यांत माल कुजवून मिथेन मोजण्याच्या चाचणीकडे. विरजण, म्हणजे जिवंत जीवाणूंचा द्राव, चालू डायजेस्टरमधून आण, जाळीतून गाळ आणि ३७ अंशांवर तीन ते पाच दिवस उपाशी ठेव, म्हणजे त्याच्यात आधीचं अन्न उरणार नाही. विरजणाचं व्हीएस हे प्रेसमडच्या व्हीएसच्या किमान दुप्पट हवं. समज, विरजणात २.४ टक्के व्हीएस आहे. ३६० ग्रॅम घेतलंस की ८.६४ ग्रॅम व्हीएस झालं. म्हणजे प्रेसमडचं व्हीएस ४.३२ ग्रॅम. तुझ्या प्रेसमडचा टीएस २८ टक्के आणि त्यातला व्हीएस ७५ टक्के असेल, तर ओल्या मालात व्हीएस २१ टक्के. म्हणून ओला माल २०.६ ग्रॅम, आणि पाणी घालून ४०० ग्रॅम. प्रेसमडच्या तीन बाटल्या, नुसत्या विरजणाच्या तीन ब्लँक, आणि तीन शुद्ध सेल्युलोजच्या.

सेल्युलोजच्या बाटल्या वाचवायचा मोह होतो. वाचवू नकोस, त्या तुझ्या साक्षीदार आहेत. सेल्युलोजच्या सूत्रावरून हिशेब केला तर एका ग्रॅमला ४१५ मिलिलिटर मिथेनपेक्षा जास्त निघूच शकत नाही. प्रत्यक्षात ३४० ते ३९५ च्या दरम्यान आला तर प्रयोग मान्य. ३०० आला तर विरजण मरगळलेलं आहे किंवा बूच गळतंय; ४३० आला तर मोजण्यात चूक आहे. दोन्ही वेळा प्रेसमडचे आकडेही बाजूला ठेवायचे, कितीही देखणे असले तरी. ब्लँकचा वाटा एकूण मिथेनच्या पाचव्या भागापेक्षा जास्त निघाला, तर विरजण आणखी काही दिवस उपाशी ठेवून पुन्हा सुरुवात कर.

एक धोका आताच सांगतो. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० भरल्यावर वर १०० मिलिलिटरच जागा उरते. पहिल्या दिवसांत रोज दीड-दोनशे मिलिलिटर गॅस निघतो. बाटली बंद ठेवून रोज दाब मोजायचा म्हटलंस तर आत दोन वातावरणांइतका जादा दाब चढेल, आणि काच फुटू शकते. वरची मापं गॅस सतत बाहेर जाऊ देणाऱ्या जोडणीसाठीच आहेत. बंद बाटलीतच करायचं असेल तर द्राव निम्म्याहून कमी भर, माल त्या प्रमाणात घटव, आणि दिवसातून दोनदा दाब सोड.

बाहेर येणारा गॅस आधी ३ मोलर कॉस्टिक सोड्यातून, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तिथंच अडकेल आणि पुढे मिथेनच मोजलं जाईल. सोड्यात थायमॉल्फ्थॅलीन टाक. निळा रंग गेला की सोडा संपला. साध्या पाण्यावर कच्चा गॅस गोळा करू नकोस, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि आकडा रोज वेगळाच येतो. सलग तीन दिवस रोजची वाढ एकूण बेरजेच्या १ टक्क्याहून कमी झाली की थांब.

मग तापमान आणि दाब. हे आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. आकडा शून्य अंश, समुद्रसपाटीचा दाब आणि कोरडा गॅस यावर आणून द्यायचा असतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. ३५ अंशांवर ओल्या गॅसमध्ये पाण्याच्या वाफेचा वाटा ५.६ किलोपास्कल. उरले ८९.४. त्याला १०१.३ ने भाग, मग २७३ भागिले ३०८ ने गुण. १०० मिलिलिटरचे ७८ झाले. बावीस टक्के नुसत्या दुरुस्तीत गेले! तुझ्याच दोन बाटल्यांची तुलना यानं बिघडत नाही, हे खरं. पण चेन्नईच्या किंवा जर्मनीच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवताना हीच दुरुस्ती राहून जाते आणि ‘आमचा प्रेसमड सरस’ असा निष्कर्ष छापून येतो.

आकडा आला की धंद्यातल्या ठोकताळ्याशी ताडून बघ. एका टनात २१० किलो व्हीएस, किलोला २५० लिटर मिथेन धरलं तर ५२ घनमीटर; घनमीटरला ०.७२ किलोप्रमाणे सुमारे ३८ किलो. सीबीजीत थोडा इतर वायूही राहतो, म्हणजे टनाला ४० किलोच्या आसपास. धंद्यात ‘२५ टनांना १ टन’ असं जे सांगतात, ते इथंच येऊन मिळतं. तुझा आकडा याच्या दुप्पट आला तर आनंद नंतर, आधी वजनकाटा तपास.

आता तुझी वाफ. एक किलो पाणी २५ वरून १६० अंशांवर न्यायला सुमारे ५७० किलोज्यूल लागतात. प्रेसमडमध्ये ७० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यात पंप चालावा म्हणून तू आणखी तितकंच घालणार. एका किलो प्रेसमडमधलं सगळं मिथेन म्हणजे ५२ लिटर, त्याची ऊर्जा सुमारे १,८७० किलोज्यूल. त्यात १५ टक्के वाढ म्हणजे २८० किलोज्यूल. पाणी न घालताही चारशेच्या वर खर्च होतात. कारखान्याची वाया जाणारी वाफ मिळाली, किंवा बाहेर पडणाऱ्या गरम मालातली उष्णता परत घेता आली, तरच हे जमेल. तसं असेल तर ते प्रबंधाच्या पहिल्या पानावर हवं. वाफ सोडून सोडियमचा अल्कली वापरायचा विचार करशील, तर तो सोडियम डायजेस्टरमधून बाहेर पडणाऱ्या स्लरीतून शेतात जाणार आहे, आणि सोलापूर-सांगलीच्या चोपण जमिनींना आणखी सोडियम नको आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो: पूर्वप्रक्रियेपेक्षा साठवणीवर काम कर. गाळप चार-पाच महिने चालतं, डायजेस्टरला मात्र बारा महिने खायला लागतं. उघड्या ढिगात माल तापतो, कुजतो, आणि ज्यापासून गॅस व्हायचा तेच हवेत जातं. किती जातं हे नीट मोजणारं काम कारखान्याला उद्या उपयोगी पडेल.

इथंच ‘कशाच्या ग्रॅममागे’ हा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. समज, ताज्या मालाच्या टीएसमध्ये व्हीएस ७५ टक्के आणि राख २५. तीन महिन्यांनी व्हीएस ६६.७ आणि राख ३३.३. बघणाऱ्याला वाटतं, आठ टक्केच घटलं. पण राख कुजत नाही. सुरुवातीला एक भाग राखेमागे तीन भाग व्हीएस होतं, आता दोनच आहे. म्हणजे एक तृतीयांश गेलं. वर उरलेल्या व्हीएसचा दर्जाही घसरलेला असतो, कारण साखर आणि मऊ भाग आधी संपतो, लिग्निन मागे राहतं. ग्रॅमला २५० ऐवजी २२० मिळाले, तर छापील तक्ता १२ टक्के घट दाखवेल. मूळ मालाच्या हिशेबानं मात्र २५० चे १४७ झालेले असतील, म्हणजे ४१ टक्के घट. राखेचा हा हिशेब छपराखालीच खरा ठरतो. पावसात क्षार धुऊन गेले की साक्षीदारच पळाला.

प्रयोग असा लाव: ५० किलोची पिंपं, तीन पद्धती. एक उघडं, एक ताडपत्रीनं झाकलेलं, एक पायानं दाबून हवाबंद केलेलं, गुरांच्या मुरघासासारखं. प्रत्येक उपसणीसाठी वेगळं पिंप. एकच पिंप पुन्हा पुन्हा उघडलंस तर ते हवाबंद राहत नाही. शून्य, ३०, ६०, ९० आणि १२० व्या दिवशी उघड, आणि उघडण्याआधी अख्ख्या पिंपाचं वजन घे. हवाबंद मालात आम्लं आणि अल्कोहोल तयार होतं, ते १०५ अंशांच्या भट्टीत उडून जातं. मग टीएस कमी भरतो आणि ‘व्हीएसमागे मिथेन’ फुगून दिसतं. साठवल्यानं गॅस वाढला, असं जे मधूनच वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं हेच असतं. उडणारी आम्लं वेगळी मोजून मिळव, आणि अंतिम आकडा पहिल्या दिवशी पिंपात भरलेल्या ओल्या टनामागेच दे.

गंधकाचं थोडक्यात. प्रेसमडमधला सल्फाइट आणि सल्फेट खाणारे जीवाणू मिथेन करणाऱ्यांच्या ताटातलंच खातात. एक ग्रॅम गंधक सल्फेटच्या रूपात असेल तर सुमारे ७०० मिलिलिटर मिथेन जातं, सल्फाइट असेल तर ५२५. शिवाय हायड्रोजन सल्फाइड होतो. सीबीजीच्या भारतीय मानकात मिथेन किमान ९० टक्के आणि गंधक घनमीटरला २० मिलिग्रॅमपर्यंतच चालतो, म्हणजे शुद्धीकरणाचा खर्च इथं ठरतो. लोहाचा क्षार घालून तो स्लरीतच बांधता येतो. एका ग्रॅम गंधकाला किमान १.७५ ग्रॅम लोह.

बाटल्यांनंतर पाच लिटरचा सतत चालणारा डायजेस्टर. लिटरला रोज २ ग्रॅम व्हीएस म्हणजे रोज ४८ ग्रॅम प्रेसमड; मालाचा टाकीतला मुक्काम ३० दिवसांचा ठेवायचा तर पाण्यासह १६७ ग्रॅम आत आणि तेवढंच बाहेर. सुरुवात पाव भागानं कर. तीन मुक्काम, म्हणजे ९० दिवस झाल्याशिवाय आतलं जुनं विरजण धुऊन जात नाही आणि आकडा तुझ्या मालाचा होत नाही. म्हणून जानेवारीतच २५ किलो गोठवून ठेव. मार्चमध्ये जागी झालीस तर कारखान्याचे बॉयलर थंड होत आले असतील.

तब्येत पीएचवरून ओळखू नकोस, तो सगळ्यात शेवटी पडतो. आठवड्यातून दोनदा २० मिलिलिटर गाळलेला द्राव घे, ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लानं पीएच ५.० पर्यंत आण. लागलेले मिलिलिटर गुणिले २५० ही क्षारता. तसंच पुढे ४.४ पर्यंत जा; या दुसऱ्या टप्प्याचे मिलिलिटर गुणिले १.६६, वजा ०.१५, गुणिले ५०० ही आम्लं. आम्लं भागिले क्षारता ०.३ च्या आसपास असेल तर ठीक. ०.४ ओलांडलं की खाणं थांबव, चुना ओतत बसू नकोस. प्रेसमडमधलं मेण वर साय धरतं आणि वाळू तळाशी बसते, तेव्हा भरण्याचं तोंड किमान २५ मिलिमीटरचं ठेव आणि शेवटी डायजेस्टर उघडशील तेव्हा तळातला गाळ वाळवून तोल. पाच लिटरात बसलेली ती मूठभर वाळू मोठ्या टाकीत किती वर्षांत किती जागा खाईल, हे कारखान्याचा इंजिनिअर तुला पहिल्यांदा विचारील.

हायड्रोजन सल्फाइडचा वास १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर झाल्यानं येईनासा होतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नकोस. कमरेला मीटर लाव, बाटल्यांच्या खोलीतला पंखा बाहेर हवा फेकणारा असू दे, आणि डायजेस्टरच्या टाकीत, ती रिकामी दिसली तरी, एकटीनं कधीही उतरू नकोस.

पहिल्या नऊ बाटल्यांचे आकडे आले की सरासरी न काढता, नऊच्या नऊ ओळी पाठव. मुशींची वजनंही, आणि त्या दिवशीचा हवेचा दाब.

तुझा शुभचिंतक