गणिताचा तास : परीघ आणि क्षेत्रफळ यांचा घोळ

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. मुलांना वर्तुळाची दोन्ही सूत्रं तोंडपाठ आहेत. पण शाब्दिक उदाहरण आलं की परीघ हवा तिथे क्षेत्रफळ काढतात, नाहीतर त्रिज्येचा वर्ग करायचा सोडून दुप्पट करतात. काय करावं?

उत्तर : ताई, ‘दोन पाय आर’ आणि ‘पाय आर वर्ग’. दोन्हींत तोच पाय, तोच आर, तोच दोन. नुसत्या पाठांतरावर भिस्त ठेवली तर मुलं गोंधळणारच. म्हणून आठवीला क्षेत्रफळ सुरू करताना मी पहिल्या तासाला सूत्र फळ्यावर लिहीतच नाही.

आलेख कागदावर ७ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढून घ्या. त्याच्या एका त्रिज्येवर चौरस काढायला सांगा. तो झाला ४९ चौसेंमीचा. ‘आर वर्ग’ म्हणतात तो हा, आणि तो कागदावर बोट ठेवून दाखवता येतो. आता वर्तुळाला बाहेरून चारही बाजूंनी टेकणारा मोठा चौरस काढा. त्यात असे चार चौरस बसतात. मग एकमेकांना लंब असलेल्या दोन व्यासांची टोकं जोडा. आत जो तिरका चौरस होतो तो बरोबर दोन चौरसांएवढा. म्हणजे वर्तुळ दोनापेक्षा मोठं, चारापेक्षा लहान. इथे थांबून मुलांना अंदाज करू द्या, मग चौकटी मोजू द्या. उत्तरं दीडशेच्या आगेमागे येतात. तीन चौरसांचे १४७, आणि वर थोडंसं. ते ‘तीन आणि थोडंसं’ मुलांनी सातवीत परीघ मोजताना पाहिलेलं असतं, कुणीतरी ओळखतंच. वर्गाऐवजी दुप्पट करणाऱ्या मुलाला विचारा, ‘तुझे १४ यात कुठे आहेत?’ तो व्यासावर बोट ठेवतो. ती रेघ आहे, तिने जागा भरत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं.

दुसऱ्या तासाला कात्री. तेवढंच वर्तुळ साध्या कागदावर कापा, वरचा अर्धा भाग लाल, खालचा निळा रंगवा. चार वेळा घडी घातली की सोळा भाग पडतात. घड्यांवर कापून तुकडे एक वर टोक, एक खाली टोक असे जोडून मांडा. आयतासारखं काहीतरी दिसतं, पण मुलं लगेच म्हणतात, ‘बाई, कडा वाकडी आहे!’ हीच सोन्याची वेळ. उत्तर देऊ नका, बत्तीस तुकडे करायला सांगा. कडा सरळ होत जाते. लाल कड अर्ध्या परिघाची, २२ सेंमी. उंची त्रिज्येची, ७ सेंमी. गुणाकार १५४. परिघातून क्षेत्रफळ असं हाताने निघालं की दोन्ही सूत्रांचं नातं मुलांच्या ध्यानात राहतं.

ही कृती आपल्याकडे जुनी आहे. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली, तिच्यात वर्तुळाचे टोकदार तुकडे एकमेकांत बसवून आयत केलेला आहे. मूळ ‘लीलावती’त नियम आहे तो असा : परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. करून पाहा, ४४ गुणिले ३.५. मी हे वर्गात आवर्जून सांगते, कारण नांदगाव मुरूडजवळ आहे म्हटल्यावर मुलं कान टवकारतात.

शाब्दिक उदाहरणांसाठी एकच विहीर पुरे. कठडा बांधायचा तर काय लागेल? वर जाळी टाकायची तर? आधी फक्त ‘मीटर की चौरस मीटर’ एवढंच विचारा, आकडेमोड नंतर. आणि सुरुवातीला त्रिज्या २ कधीच देऊ नका. दोन्ही सूत्रांनी १२.५६ च येतात आणि चूक झाकली जाते.

प्रश्न : मुलगा २२/७ घेतो, त्याच्या शिकवणीत ३.१४ घेतात. उत्तरं वेगळी येतात. बरोबर कोणतं? (एक पालक, सोलापूर)

उत्तर : दोन्ही जवळच्या किमती आहेत. २२/७ खऱ्या किमतीपेक्षा किंचित जास्त, ३.१४ किंचित कमी. त्यातल्या त्यात २२/७ अधिक जवळची. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ३.१४१६ एवढी किंमत दिली आणि तीही जवळचीच आहे, हे स्वतःच सांगून ठेवलं. प्रश्नात किंमत दिली असेल तर तीच घ्यावी. दिली नसेल तर त्रिज्या ७, १४, २१ असताना २२/७ आणि १० किंवा २० असताना ३.१४ घेतली की आकडेमोड सोपी जाते. कोणती घेतली ते उत्तराआधी लिहायला मात्र मुलाला सांगा.