दानांगच्या सात ‘फुकट’ रात्री

प्रश्न: आम्ही नाशिकला राहतो. मी शाळेत शिक्षिका, मिस्टर खासगी कंपनीत. दोघांचे मिळून हातात ९२ हजार येतात. घराचा हप्ता ३१ हजार, घरखर्च साधारण ३२ हजार. मुलगी सातवीत. तीन लाखांची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. मिस्टरांना दिवाळीला ३० हजार बोनस मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं आहे. टूरवाले आठ रात्रींचे माणशी १ लाख १८ हजार सांगताहेत, बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर. दुसरा मार्ग म्हणजे मागच्या वर्षी घेतलेली हॉलिडे क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप. तिच्यावर दानांगला सात रात्री फुकट मिळतील, फक्त १४,५०० एक्स्चेंज फी भरायची आणि विमान आपलं आपण काढायचं. कुठलं स्वस्त पडेल? आणि तिथल्या शहरांबद्दल, बीचबद्दल चार गोष्टी सांगा.

उत्तर: ताई, टूर की क्लब हे नंतर बघू. तुम्ही पत्रासोबत क्लबच्या दरपत्रकाचा फोटो जोडलाय, तो मी मोठा करून पाहिला. छापलेला ६,५०,००० चा आकडा बॉलपेनने खोडलाय, शेजारी ४,२०,००० आणि त्याखाली ‘फक्त आज’. कोपऱ्यात गोल करून लिहिलंय, ‘व्हिएतनाम, बाली – फ्री’. हे क्लबवाले मॉलमध्ये चिठ्ठी भरून घेतात, मग हॉटेलात जेवणाला बोलावतात आणि तीन तास उठू देत नाहीत. अशा एका हॉलमध्ये मीही पत्नीबरोबर बसून आलोय. तिथं नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायलाही मोकळीक देत नाहीत, त्यामुळे सही केल्याबद्दल तुम्हाला दोष देणार नाही. पण हिशोब आता मांडायलाच हवा.

मेंबरशिपचे ६० हजार रोख आणि १२ हजारांचे ३६ हप्ते, म्हणजे ४ लाख ९२ हजार. हे क्लबने दिलेलं उधार नाही. तुमच्या कागदांत फायनान्स कंपनीचं वेगळं कर्जपत्र आहे आणि व्याज १२ टक्क्यांच्या आसपास बसतं. वर दरसाल १९ हजार मेंटेनन्स.

हेच ४ लाख २० हजार एफडीत राहिले असते तर पावणेसात टक्क्यांनी वर्षाला साधारण २८ हजार मिळाले असते आणि मुद्दल शाबूत राहिली असती. ते २८ आणि मेंटेनन्सचे १९ मिळून ४७ हजार. वर्षाच्या सातही रात्री वापरल्या तर एक रात्र ६,७०० ला पडते. तुम्ही आतापर्यंत लोणावळ्यात दोनच रात्री राहिलात. म्हणजे त्या वर्षी एक रात्र साडेतेवीस हजारांना पडली. आणि २५ वर्षांनी हातात काहीच नाही.

दानांगसाठी यात १४,५०० मिळवा. साडेएकसष्ट हजार भागिले सात, ८,८०० रुपये रात्र. दानांगच्या ‘मी खे’ बीचच्या मागच्या गल्लीत नाश्त्यासकट स्वच्छ थ्री स्टार खोली अडीच-तीन हजारांत मिळते. शिवाय सातही रात्री एकाच ठिकाणी अडकल्यावर हनोई कधी बघणार?

‘नंतर जास्त भावाने विकता येईल’ असंही सांगितलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. विकत घेणार कोण? ज्याला हवी असेल त्याला क्लब नवीच विकतो. मेंटेनन्स मात्र वाढतच जाणार. वर्षाला सात टक्क्यांनी वाढलं तरी दहा वर्षांत १९ चे साधारण ३७ हजार होतात, वीस वर्षांत ७३ च्या वर.

आतापर्यंत ६० हजार, १४ हप्ते आणि एकदाचं मेंटेनन्स मिळून २ लाख ४७ हजार गेले. ‘एवढे घातलेत तर वापरून तरी घेऊ’ या विचाराने दरवर्षी आणखी जातील. यातून बाहेर पडायचं. कसं ते सांगतो.

कर्जाचे हप्ते थांबवू नका. हप्ता चुकला की सिबिल तुमचा बिघडतो, क्लबचं काही बिघडत नाही. करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा आणि मेंटेनन्स न भरल्यास काय होतं तेही पाहा: फक्त सुट्टी अडते की वर दंड-व्याज चढतं? मग क्लबला ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीने लिहा: काय सांगून विकलं, प्रत्यक्ष काय मिळालं, मेंबरशिप रद्द करून पैसे परत हवेत. विक्रेत्याचे व्हॉट्सअॅप मेसेज आणि हे बॉलपेनचं दरपत्रक जिवापाड जपा, तोच तुमचा पुरावा आहे. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते. तुमचे १४ महिने गेलेत, म्हणून हे दिवाळीनंतर बघू म्हणू नका. सगळे पैसे परत येतील अशी आशा मी लावणार नाही. काही भाग परत आला आणि पुढचं मेंटेनन्स सुटलं, तरी खूप झालं.

एफडी मोडून कर्ज फेडावं का? एरवी १२ टक्क्यांचं कर्ज पावणेसातच्या एफडीने फेडणं शहाणपणाचं. पण महिन्याला ७५ हजार जाणाऱ्या घरात ही एफडी म्हणजे चार महिन्यांचा आधार आहे, तेवढाच. राहू द्या.

आता तुमची टूर. तिघांचे ३ लाख ५४ हजार, बारा हप्त्यांत महिना साडेएकोणतीस हजार. घराचे ३१, क्लबचे १२ आणि हे, झाले साडेबाहत्तर. ९२ मधून उरले साडेएकोणीस आणि घरखर्च ३२. दर महिन्याला साडेबारा हजार कुठून आणणार? क्रेडिट कार्डातून, ३६-४० टक्क्यांनी. बिनव्याजी हप्त्यात व्याज बहुधा किमतीत धरलेलं असतं. रोख दिले तर किती सोडाल, हे टूरवाल्याला विचारून पाहा, लगेच कळेल. नाही ताई, ही टूर घेऊ नका.

व्हिएतनाम मात्र सोडू नका. दिवाळीऐवजी मे महिन्यात जा, आणि याचं कारण नुसतं पैशाचं नाही. दानांग आणि होई आन देशाच्या मधल्या किनाऱ्यावर आहेत. आपला पाऊस ओसरतो तेव्हा तिथे जोर धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सर्वांत वाईट महिने, होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी शिरतं. क्लब आणि टूरवाले ऐन दिवाळीत तुम्हाला तिथला बीच विकताहेत. त्याच दिवसांत उत्तरेला, हनोई आणि ‘हा लाँग’ उपसागराला, सुंदर हवा असते. दक्षिणेचं फू कुओक बेट नोव्हेंबर उलटता उलटता उघडतं. मे महिन्यात दानांगला ऊन कडक, पण समुद्र शांत. फक्त ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या राष्ट्रीय सुट्ट्या, हॉटेलं भरलेली आणि महाग. ५ मेनंतर निघा.

तुमच्याकडे महिना १७ हजार शिल्लक पडते. जुलै ते एप्रिल दहा महिने, १ लाख ७०, वर बोनसचे ३०. दोन लाख. जानेवारीअखेर दीड लाख जमलेले असतील, तेव्हा रोखीने तिकिटं काढा. सहा रात्री धरल्या तर खर्च असा: मुंबई-हनोई थेट विमान, जाऊन-येऊन तिघांचे ८४ हजार. हनोई-दानांग जाऊन-येऊन २४. व्हिसा ७, हॉटेल १८, खाणंपिणं १८, हा लाँगची दिवसाची बोट १३, टॅक्सी वगैरे १०, प्रवास विमा २. दानांगजवळच्या बा ना हिल्स डोंगरावरचा सोनेरी पूल धरला तर आणखी १०. एकूण १ लाख ८६, वर १४ हजार हाताशी. सायगाव म्हणजे हो ची मिन्ह सिटी या वेळी सोडा, घाई होते.

बा ना हिल्सचं मला स्वतःला एवढं काही वाटत नाही. रोपवे छान आहे, पण वरचं फ्रेंच गाव नवं बांधलेलं आणि माणशी तीन हजारांवर तिकीट. त्याऐवजी होई आनपासून ४० किलोमीटरवर ‘मी सन’ हे ठिकाण बघा, तिकीट १ लाख ५० हजार डाँग, म्हणजे ५०० रुपये. तिथल्या जुन्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग जमिनीतून वर आलं. पहाटे निघा, गर्दी व्हायच्या आत. शिलालेखांवरची झिजलेली संस्कृत अक्षरं मुलीला दाखवा. माझ्या मते ही सहल तिथेच वसूल होते.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरा, एकदाच्या प्रवेशाला २५ डॉलर. एजंट याचेच दुप्पट घेतात. एका रुपयाला साधारण ३०० डाँग, त्यामुळे आकडे डोळे फिरवतात. २० हजारांची आणि ५ लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. होई आनच्या नदीकाठी शहाळेवाल्या बाईला मी ५ लाखांची दिली होती, तिने हसून परत केली. प्रत्येक जण करेल असं नाही, म्हणून ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. कार्ड मशीनने ‘रुपये की डाँग’ विचारलं तर डाँग. टॅक्सी ग्रॅब अॅपवरून. शाकाहारी असाल तर ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी, ‘कॉम चाय’ पाटी दिसली की निर्धास्त आत जा. बाकी ठिकाणी भाजीतही माशांचा सॉस असतो, ‘नुओक माम नको’ म्हणून सांगा.

आणि भाड्याची स्कूटर नको. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा मानतं. भाड्याने देणारा विचारणार नाही, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारेल.

मेंटेनन्सची नोटीस पुढच्या महिन्यात येईल, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी क्लबला पहिलं पत्र गेलं पाहिजे. करारातल्या रद्द करण्याच्या कलमाचे फोटो मला पाठवा. बहुधा शेवटच्या दोन-तीन पानांवर, बारीक अक्षरात असेल.