सोन्याच्या नॅनोकणांचं किट आणून बोअरवेलच्या पाण्यातला पारा आणि शिसं घरच्या घरी तपासता येईल का?

घोडबंदर रोडवरच्या तुमच्या सोसायटीने असं किट घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. घ्यायला हरकत नाही, पण रंग बदलला नाही म्हणून ते पाणी प्यायला सुरुवात करू नका. मी महापेतल्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

सोन्याचे साधारण 13 नॅनोमीटरचे कण सुटे असले की द्रावण लाल दिसतं, कारण ते 520 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. कण एकत्र आले की द्रावण जांभळं-निळं होतं. पाऱ्यासाठी कणांवर डीएनएचे धागे बसवतात. डीएनएतल्या थायमिन या घटकाच्या दोन रेणूंच्या मध्ये पाऱ्याचा आयन (विद्युतभारित अणू) नेमका बसतो आणि कण एकमेकांना जोडले जातात. 2007 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात या पद्धतीने लिटरमागे सुमारे 20 मायक्रोग्रॅम पारा ओळखला गेला. काम सुंदरच होतं, पण पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस 10500 मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. कॅडमियमची 3, शिशाची 10. पुढे याहून संवेदनशील पद्धती आल्या, म्हणून किटवर छापलेली किमान मर्यादा आधी या आकड्यांशी ताडून बघा.

आपल्याकडची खरी अडचण मात्र मीठ. खाडीलगतच्या बोअरवेलचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. साध्या सायट्रेट (सायट्रिक आम्लाचा क्षार) लावलेल्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो तो त्यांच्यावरचा ऋण भार. क्षारांमुळे तो झाकला जातो आणि धातू नसतानाही द्रावण निळं होतं. मग सोसायटीत उगाच घबराट! म्हणून त्याच पाण्याचे दोन भाग करा. एक जसाच्या तसा तपासा, दुसऱ्यात किटसोबतचं धातूचं प्रमाणित द्रावण ठरल्या मापाने घाला. दोन्ही सारखेच निळे झाले, किंवा दुसरा लालच राहिला, तर त्या पाण्यासाठी ते किट निरुपयोगी. प्रमाणित द्रावण न देणारं किट मी तरी घेणार नाही.

पिण्याचा निर्णय एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या आयसीपी-एमएस (धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रपद्धत) अहवालावरच घ्या. तिथे धातूंसाठी नायट्रिक आम्ल घातलेली बाटली देतात. तिच्यातलं पाणी किटमध्ये वापरू नका, आम्लानेही रंग बदलतो. आणि तोवर पाणी उकळून भागणार नाही, उकळल्याने धातू जात नाहीत.