बाळाच्या टोपीसाठी टाके कसे घालायचे?

पहिलीच टोपी विणते आहेस, म्हणून आधी एवढंच सांगते: टाके कसे घालतेस, म्हणजे विणायला सुरुवात करताना सुईवर पहिले फास कसे चढवतेस, त्यावर कड ठरते. कड ताणली गेली नाही तर बाळाच्या कपाळावर वळ उठतो, मग पुढचं विणकाम कितीही सुबक असो.

अंगठ्यावरून नुसते फास सुईवर चढवणं सगळ्यात सोपं. पण पहिली ओळ विणताना टाक्यांमधला धागा लांबत जातो आणि कड वेडीवाकडी दिसते. टोपीला ते नकोच.

त्यापेक्षा दोन धाग्यांची पद्धत शीक. सोडलेलं टोक अंगठ्यावर, गुंड्याकडचा धागा तर्जनीवर. कड नेटकी येते, ताणलीही जाते. अडचण एकच, टोक किती लांब सोडायचं? सुईला 10 वेढे दे, तेवढा धागा साधारण 10 टाक्यांना लागतो. त्या हिशेबाने मोज आणि वर वीतभर जास्त ठेव. मी एकदा अंदाजाने सोडला. 96 पैकी 90 टाके झाल्यावर संपला, सगळं उसवावं लागलं.

हात घट्ट असेल तर दोन टाक्यांमध्ये थोडी जागा सोडत जा. जाड सुईवर टाके घातले तरी चालतं, पण आपल्याकडच्या सुयांचे नंबर उलटे असतात हे लक्षात ठेव: 8 नंबर म्हणजे 4 मिमी, 10 नंबर त्याहून बारीक, 3.25 मिमी.

पुढे स्वेटरला मध्येच टाके वाढवायचे असतील तेव्हा मात्र दोन सुयांनी विणून घाल. तिथे टोकाचा धागा लागतच नाही.