ग्रीन कार्ड सोडून कायमचं पुण्याला परतताना अमेरिकेत टॅक्स लागतो का?

ग्रीन कार्ड मिळून नऊ वर्षं झाली, पुढच्या वर्षी मुदत संपतेय, ती तशीच संपू द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी न्यू जर्सीत टॅक्सचीच कामं करतो, आणि परत जाणारी आपली मंडळी हे हमखास विचारतात.

मुदत संपल्याने टॅक्स सुटत नाही. आय-४०७ हा फॉर्म भरून कार्ड रीतसर परत करावं लागतं. शेवटच्या १५ वर्षांपैकी ८ करवर्षांत कार्ड असेल तर एक्झिट टॅक्सचे, म्हणजे कार्ड सोडून जाताना लागणाऱ्या कराचे, नियम लागू होतात. डिसेंबरात कार्ड मिळालं असलं तरी ते अख्खं वर्ष धरतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची वर्षं मोजत नाहीत. नऊ वर्षं झाल्याने तुम्ही या नियमांत आलात.

तरी कर सगळ्यांनाच बसत नाही. जगभरची निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त असेल (कोथरूडचा फ्लॅट धरून, नवरा-बायकोचं वेगवेगळं मोजतात), किंवा गेल्या पाच वर्षांत भरायचा आयकर सरासरी वर्षाला २,०६,००० डॉलरच्या वर असेल (२०२५चा आकडा), तर सापडलात. या दोन्हीत बहुतेक जण बसत नाहीत. माशी शिंकते ती तिसरीकडे: गेली पाच वर्षं कराचे सगळे नियम पाळले, असं फॉर्म ८८५४ वर लिहून द्यावं लागतं, ते देता आलं नाही तरी सापडलात. आईबरोबरच्या जॉइंट एफडीचं किंवा पीपीएफचं व्याज रिटर्नमध्ये दाखवलेलंच नसतं! तेव्हा आधी जुनी रिटर्नं दुरुस्त करा, मग आय-४०७.

सापडलात, तर कार्ड सोडण्याच्या आदल्या दिवशी सगळं विकलं असं मानून नफ्यावर कर लावतात. २०२५ साली त्यातले पहिले ८,९०,००० डॉलर माफ होते. अमेरिकेत येण्याआधीपासून फ्लॅट तुमच्या नावावर असेल, तर नफा सहसा तुम्ही इथले कर-रहिवासी झालात त्या दिवसाच्या भावापासून धरतात, मूळ खरेदीच्या नाही.

रिटायरमेंटच्या पैशांचं गणित वेगळं. आयआरएतली (स्वतःच्या नावाच्या रिटायरमेंट खात्यातली) सगळी रक्कम त्या दिवशी हातात आली असं धरून कर लावतात, आणि वरची माफी तिला लागू नाही. कंपनीच्या ४०१(के) या रिटायरमेंट योजनेला मात्र कार्ड सोडल्यापासून ३० दिवसांत डब्ल्यू-८सीई फॉर्म दिला, तर पैसे काढाल तेव्हा ३० टक्के कापतात. म्हणून वरच्या कसोट्यांत अडकण्याची शक्यता असेल, तर नोकरी सोडताना सवयीने ४०१(के) आयआरएत वळवू नका.

मुलं अमेरिकेतच राहणार असतील तर हेही बघा: कसोटीत सापडलेल्या आईवडिलांकडून पुढे मोठी भेट किंवा वारसा मिळाला, तर त्यावर ४० टक्के कर मुलांना भरावा लागतो.