डॉक्टरांना नवी मार्गदर्शक तत्त्वं नुसती पाठवून पुरत नाही का? समोर बसून शिकवायची काय गरज?

नाही पुरत. हे जरा ठामपणे सांगतो, कारण मी टेबलाच्या एकाच बाजूला बसून दोन उलट कामं केली आहेत. आधी औषध कंपनीचा एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं खपवणारा प्रतिनिधी होतो. नंतर काही वर्षं काहीही न विकता डॉक्टरांना भेटायची नोकरी केली. या दुसऱ्या कामाला अकॅडेमिक डिटेलिंग म्हणतात. नाव भारदस्त, पण युक्ती एमआरचीच: डॉक्टरांच्या खोलीत जायचं, दहा-पंधरा मिनिटांत एकच विषय मांडायचा आणि पुन्हा भेटायला जायचं. फरक इतकाच की बॅगेत सॅम्पल नसतात आणि सांगायचं ते पुराव्यावरून ठरतं.

जेरी एव्हॉर्न आणि स्टीफन सुमेराय या संशोधकांनी अमेरिकेत हे तपासून पाहिलं. त्यांचा अभ्यास 1983 मध्ये प्रसिद्ध झाला. चार राज्यांतल्या 435 डॉक्टरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले होते. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला टपालाने छापील माहिती, तिसऱ्याला माहिती आणि शिवाय फार्मासिस्टची प्रत्यक्ष भेट. विषय होता गरज नसताना लिहिली जाणारी काही औषधं: प्रोपॉक्सिफिन ही वेदनाशामक गोळी, सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक आणि म्हाताऱ्या माणसांना दिली जाणारी रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं. भेट झालेल्या गटात ही औषधं लिहिण्याचं प्रमाण काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत 14 टक्क्यांनी घटलं. फक्त टपाल मिळालेल्यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही.

का? कारण चुकीचं औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला बहुतेक वेळा माहिती असतेच. सर्दी विषाणूमुळे होते, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही, हे न कळणारा डॉक्टर मला भेटलेला नाही. पण पेशंट रिकाम्या हाताने जायला तयार नसतो. तो दुसरीकडे जाईल ही भीती असते, आणि हा न्यूमोनिया निघाला तर, हीसुद्धा. पत्रकाला या भीतीचा पत्ताच नसतो. म्हणून मी भेटीत पहिली पाच मिनिटं बोलतच नसे. "अशा पेशंटला तुम्ही काय देता, आणि का?" एवढंच विचारायचं. (एमआर असताना ही पाच मिनिटं मी वाया गेली असं समजलो असतो.)

मग कारण बघून उत्तर द्यायचं. नुसतं "हे लिहू नका" म्हणालो की डॉक्टर घड्याळ बघतात. त्याऐवजी काय द्यायचं, पेशंटला कोणत्या शब्दांत सांगायचं, कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायला सांगायचं, हे हातात द्यावं लागतं. काही डॉक्टरांना चिठ्ठी आत्ता द्यायची पण दोन-तीन दिवसांत बरं वाटलं नाही तरच औषध घ्यायला सांगायचं, ही तडजोड पटते. झोपेच्या गोळ्यांचा विषय असेल तर एकदम बंद न करता डोस टप्प्याटप्प्याने कसा उतरवायचा, त्याचा तक्ता सगळ्यात जास्त मागितला जायचा.

यातून चमत्कार होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या 2007 च्या आढाव्यात अशा भेटींचे 69 प्रयोग तपासले होते. सगळे निकाल चढत्या क्रमाने लावले तर औषधं लिहिण्यातल्या सुधारणेचा मधला आकडा साधारण 5 टक्के निघाला. मला हा आकडा कमी वाटत नाही, कारण एक डॉक्टर तीच चिठ्ठी दिवसातून कितीतरी वेळा लिहितो.

खरी अडचण पैशाची. एमआरचा पगार विक्रीतून निघतो, आमचा कुठून निघणार? ऑस्ट्रेलियात हे काम सरकारी पैशावर चालवणारी राष्ट्रीय संस्था 1998 मध्ये उभी राहिली. निधी काढून घेतल्यावर 2022 अखेर तीही बंद झाली.

तुम्ही स्वतः असं काही सुरू करणार असाल तर एका वेळी एकच विषय घ्या. मी पहिल्या फेरीत चार घेतले होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्यातला एकही आठवत नव्हता, आणि एकांनी तर विचारलं, "तुमची कंपनी कोणती म्हणालात?"